तेरा इंची पान

"शस्त्रक्रियेनंतर झोपताना डोळा काढून ठेवावा," असं वाक्य डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पुस्तिकेत छापून गेलं आणि अनुस्वारांची झोप उडाली.

मूळ शब्द 'झाकून' होता. टाइप करणाऱ्याने 'काढून' केला. त्याला काय, तो पोटासाठी टाइप करत होता. पण ती पुस्तिका छपाईआधी तपासली होती अनुस्वारांनी. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे लोकांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि लोकांचे शिव्याशाप खायचे, असं दुहेरी काम करत होते. त्यांचं खरं नाव बायकोच्या आणि पगारपत्रकाच्या लक्षात असेल. बाकी सगळे त्यांना अनुस्वारच म्हणत, कारण जिथे टिंब हवं तिथे ते दिसलं नाही की हा माणूस पोटात दुखल्यासारखा कळवळायचा. दुकानाच्या पाट्या वाचत चालल्यामुळे ते दोनदा उघड्या गटारात पडले होते. दोन्ही वेळा वर आल्यावर त्यांनी आधी पाटीबद्दल तक्रार केली, गटाराबद्दल नाही.

चूक झाली ती फोनमुळे. मालकांनी कागद वाचवायचं ठरवलं होतं. छापखान्याने कागद वाचवायचा म्हणजे धोब्याने पाणी वाचवण्यासारखंच. पण मालकांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती तिथे एकटीच राहते, तिला भांडायला दुसरं कुणी भेटत नाही. तेव्हापासून तपासायची पानं फोनवर येऊ लागली. परातीएवढं पान वाटीएवढ्या पडद्यावर. अक्षर दिसावं म्हणून मोठं केलं की वाक्याचा कर्ता दिसायचा आणि क्रियापद पडद्याबाहेर जायचं. क्रियापद बोटाने ओढून आणावं तर कर्ता पसार. या पकडापकडीत 'काढून' निसटला.

"होतं असं वय झालं की," मालक केबिनमध्ये म्हणाले. त्यांचा आवाज इतका गोड होता की अनुस्वारांच्या अंगावर काटा आला. "आता कॉम्प्युटरच तपासतो म्हणे सगळं. तुम्ही आराम करा की जरा."

'आराम' या शब्दात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तरी अनुस्वारांना तो सबंध आयुष्यात इतका चुकीचा कधी वाटला नव्हता.

"न्यायाधीशसाहेबांची कादंबरी येतेय," मालक पुढे म्हणाले. "निवृत्त झाल्यापासून लिहीत होते. तेवढी बघा. एक जरी चूक राहिली तर ते मला कोर्टात खेचतील, घरचंच आहे त्यांना. ती नीट झाली तर बघू पुढचं."

अनुस्वार तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. एकाच फेरीत माफी मागायची आणि डोळेही तपासून घ्यायचे, असा काटकसरी बेत होता. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. अनुस्वारांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि तक्ता छापणाऱ्याने एक अक्षर तिरकं बसवलंय हेही सांगितलं.

"डोळे ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले. "दोष पानाचा आहे. मोठ्या पडद्याचा ई-रीडर घ्या. कागदासारखा दिसतो, डोळ्यांवर ताण नाही. आणि हो, माझ्या एका पेशंटचा सकाळी फोन आला होता. काढून कशात ठेवू, विचारत होता."

घरी येऊन त्यांनी बायकोला बेत सांगितला.

"मोठा म्हणजे केवढा?" तिने विचारलं.

त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं.

"एवढा तर आपला चहाचा ट्रे आहे."

"ट्रेवर कादंबरी दिसत नाही."

"तुम्हाला कादंबरीत तरी काय दिसतं? वेलांट्याच ना?" असं म्हणून ती आत गेली. या वाक्याकडे त्यांनी तेव्हा दुर्लक्ष केलं. बायकोच्या वाक्यांत व्याकरणाची चूक नसेल तर ती ऐकून सोडून द्यायची, असा त्यांचा संसाराचा साधा नियम होता.

बातमी साडूंकडे पोचायला वेळ लागला नाही, कारण साडू समोरच्याच इमारतीत राहायचे आणि दोघी बहिणी खिडकीतून बोलायच्या. साडूंकडे जगातली प्रत्येक वस्तू आधीच असते. त्यांच्याकडे ई-रीडरही होता, सहा इंची.

"मोठा कशाला घेता? उगाच वजन," साडू म्हणाले. "माझा बघा. खिशात मावतो."

"काय वाचलंत यावर?"

"अजून काही नाही. अपडेट होतोय."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. पण कव्हर बघा काय झकास आहे!"

वरच्या मजल्यावर हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. ते जिन्यात भेटले. त्यांनी सल्ला दिला की सध्या थांबावं, कारण लवकरच रंगीत पडदे येण्याची साठ टक्के शक्यता आहे. रंगीत आल्यावर काळे-पांढरे स्वस्त होण्याची सत्तर टक्के. आणि तुमच्या कामाला रंग लागतच नाहीत याची शंभर टक्के. "मग थांबू कशाला?" असं अनुस्वारांनी विचारलं, तेव्हा ते आभाळाकडे बघून म्हणाले, "थांबलेलं बरं असतं." नोकरीतही ते हेच सांगायचे आणि लोक छत्र्या घेऊन निघायचे.

शेवटी अनुस्वार दुकानात गेले. दुकान मोठं होतं, थंडगार होतं आणि तिथला विक्रेता जावयाचं स्वागत करावं तसा पुढे आला.

"मोठ्या पडद्याचा हवाय," अनुस्वार म्हणाले.

"या ना सर!" त्याने त्यांना एका भिंतीपुढे उभं केलं. भिंत नव्हती, टीव्ही होता. त्यात एक वाघ त्यांच्याकडे बघत होता.

"मला वाचायला हवाय हो."

"येतं ना वाचता. खाली बातम्यांची पट्टी येते."

"पुस्तकं, पुस्तकं वाचायची आहेत."

विक्रेत्याने विचार केला. "सर, आजकाल पुस्तकं वाचून दाखवणारी माणसंही येतात यात. आपण नुसतं बसायचं."

अनुस्वार पट्टीकडे बघत होते. 'मुसळधार' मधला 'मु' दीर्घ होता. ते वाघासमोरून मान खाली घालून निघून आले.

तेरा इंची पडद्याचा ई-रीडर गावातल्या कुठल्याच दुकानात नव्हता. परदेशातून मागवावा लागणार होता. किंमत ऐकून बायको काहीच बोलली नाही. हे बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी मागवला. आणि वाट बघू लागले. न्यायाधीशसाहेबांची कादंबरी फोनमध्ये येऊन पडली होती, मालक रोज "कुठवर आलं?" विचारत होते, आणि अनुस्वार "वाचतोय, वाचतोय" असं म्हणत होते. प्रामाणिक माणसाला खोटं बोलताना एकच शब्द दोनदा लागतो.

मग पार्सलऐवजी जकात कार्यालयाची सूचना आली. 'आपले पार्सल पुढील कारवाईसाठी अडवुन ठेवण्यात आले आहे. मुळ पावतीसह हजर रहावे.'

अनुस्वारांनी कपाळावर हात मारला. पार्सल अडवल्याबद्दल की 'अडवुन'बद्दल, हे सांगणं कठीण.

जकात कार्यालयात हिरव्या रंगाच्या भिंती, लाकडी बाकं आणि एक पंखा होता. पंखा फक्त कागद उडवण्यापुरता फिरायचा. काचेपलीकडे जे साहेब होते ते पार्सलच्या कागदाकडे असं बघत होते, जणू त्याने त्यांच्या मुलीला मागणी घातली आहे.

"हे नक्की काय आहे?"

"पुस्तकं वाचायचं यंत्र."

"पुस्तक की यंत्र? रकाना एकच आहे."

"यंत्र लिहा."

"यंत्र काय करतं?"

"तसं काही करत नाही. वाचायचं आपणच. ते नुसतं दिसतं."

"काही न करणारं यंत्र आमच्या वर्गवारीत बसत नाही."

काही न करणारं बरंच काही या कार्यालयात बसलेलं अनुस्वारांना दिसत होतं. पण ते गरजवंत होते. "मग पुस्तक लिहा," ते म्हणाले.

"लेखक?"

"लेखक नाही. कोरं आहे."

"कोरं म्हणजे वही. वह्यांचा विभाग वेगळा, तिसरा मजला." एवढं बोलून साहेब चहाला गेले.

इथे अनुस्वार तिसऱ्या मजल्यावर गेले असते तर ही गोष्ट लवकर संपली असती. पण ते बाकावर बसले. समोर ती सूचना होती. खिशात लाल पेन्सिल होती. साहेबांचा चहा लांबला. माणसाचा हात शेवटी सवयीचा गुलाम. त्यांनी 'अडवुन'चा 'अडवून' केला. 'मुळ'चं 'मूळ' केलं. 'रहावे'चं 'राहावे' केलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण 'अडवून ठेवण्यात आले आहे' हे वाक्य त्यांना फार खुपलं आणि त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं : 'कोणी? कर्ता द्यावा.'

साहेब परत आले. त्यांनी कागद हातात घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू पेन्सिलीच्या रंगाचा झाला.

"हे कोणी केलं?"

समासात हाच प्रश्न विचारला होता, हे दाखवून द्यायचा मोह अनुस्वारांनी गिळला.

"सरकारी कागदावर खाडाखोड!" साहेबांनी बाजूच्या साहेबांना दाखवलं, बाजूच्या साहेबांनी मागच्या साहेबांना. तीन-चार टेबलांवरचे लोक जमले. या कार्यालयात एका कागदावर इतकं लक्ष बहुधा पहिल्यांदाच दिलं जात होतं. ठरलं असं की जोपर्यंत लेखी खुलासा येत नाही तोपर्यंत पार्सल हलणार नाही.

दुसऱ्या फेरीला साडू बरोबर आले. "माझी आत ओळख आहे," ते म्हणाले. ओळख होती हे खरं, पण ती माणसं निवृत्त झाली होती. साडूंचा संबंध अपडेट व्हायचा राहिला होता. तरी माघार घेतील तर ते साडू कसले? काचेवर टकटक करून ते म्हणाले, "साहेब, हे कोण आहेत माहीत आहे का? भाषेतला शेवटचा शब्द आहेत हे! तुमच्या सगळ्या खात्याला शिकवतील!"

साहेबांनी खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावली.

तिसऱ्या फेरीला अनुस्वार एकटेच गेले. सुंदर खुलासा लिहून नेला होता. विरामचिन्हं जागच्या जागी होती. साहेबांनी तो वाचला आणि निळ्या पेनाने एका शब्दाभोवती गोल केला.

"हे काय लिहिलंय?"

"'माझ्याकडून अनवधानाने चूक झाली.'"

"'चूक' चुकलंय. आमच्या नमुन्यात ऱ्हस्व आहे." त्यांनी छापील नमुना काचेखालून सरकवला. तिथे स्वच्छ 'चुक' होतं. "नमुन्याप्रमाणे अक्षर न अक्षर लिहायचं."

"साहेब, 'चूक' दीर्घच असतं."

"'चुकीचा' कसं लिहिता?"

"ऱ्हस्व. कारण ते सामान्यरूप आहे."

"इथे सामान्य माणसंच येतात," साहेब म्हणाले. "ऱ्हस्व लिहा."

अनुस्वारांनी पेन खाली ठेवलं. सगळं आयुष्य त्यांनी या एका उकारासाठी घालवलं होतं. त्यावरून लेखक तोडले होते, एका कवीने तर त्यांच्यावर शाई फेकली होती. आणि आता सही करून, स्वतःच्या हस्ताक्षरात, चूक कबूल करताना चुकीची 'चुक' लिहायची! त्यांनी बाहेर रस्त्याकडे बघितलं. फोनमध्ये मालकांचा निरोप होता : 'कुठवर आलं?' त्यांना 'आराम' हा शब्द आठवला. त्यांनी डोळे मिटले आणि ऱ्हस्व लिहिलं.

"आता कसं बरोबर झालं," साहेब म्हणाले. त्यांनी यंत्राला 'इतर' या रकान्यात टाकलं आणि शिक्का मारला. 'इतर' हा रकाना पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

अनुस्वार पार्सल छातीशी धरून घरी आले, पण जेवले नाहीत. बायकोने विचारलं तर म्हणाले, "आज मी ऱ्हस्व लिहिलं." त्यांचा चेहरा बघून तिला वाटलं, कुणाचं तरी काही तरी चोरलं. मग सगळं कळल्यावर ती म्हणाली, "एवढंच ना? मी तर रोजच लिहिते." यावर ते आणखी खचले.

यंत्र मात्र देखणं होतं. पातळ, रुंद, खरंच ट्रेएवढं. ते सुरू व्हायला दोन दिवस लागले, यात यंत्राचा दोष नाही. बरोबर एक माहितीपत्रक आलं होतं, कुठल्या तरी कॉम्प्युटरने आपल्या भाषेत आणलेलं. 'यंत्र ओल्या हाताने खाऊ नये.' 'पडदा मऊ माणसाने पुसावा.' 'बॅटरी मेल्यावर तिला खाऊ घाला.' अनुस्वार लाल पेन्सिल घेऊन बसले. ऱ्हस्वाची जखम भरून यायला त्यांना असंच काही तरी हवं होतं. हाच तो कॉम्प्युटर, जो त्यांना आराम देणार होता! त्यांनी पत्रक असं काही लाल केलं की बायकोला वाटलं, बोट कापलं.

"अहो, ते यंत्र चालू करा आधी," ती म्हणाली, आणि तिनेच कडेचं बटण दाबलं.

आणि मग कादंबरीचं पहिलं पान उमटलं. अख्खं पान! कर्ता, कर्म, क्रियापद, सगळी मंडळी एकाच वेळी हजर. अनुस्वारांच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या दिवशी थोडी गडबड झाली, कारण पान उलटलं तरी मागच्या पानाची पुसट छाया मागे राहायची, आणि त्यांनी छायेतल्या सात-आठ वेलांट्या दुरुस्त करून पाठवल्या. छपाईवाल्यांनी फोन करून विचारलं की ही कुठली ओळ आहे. मग बायकोने पडदा पूर्ण पुसून घ्यायची खूण शोधून दिली, आणि काम सुरळीत झालं. अनुस्वार त्या कादंबरीवर तुटून पडले. एक मात्रा सोडली नाही. जाड पुस्तक होतं, पण त्यांनी ते दोनदा तपासलं, एकदा सरळ आणि एकदा शेवटाकडून उलटं. उलटं वाचलं की अर्थ मध्ये येत नाही आणि चुका स्पष्ट दिसतात, ही त्यांची खास युक्ती.

मालकांनी स्वतः फोन केला. "मानलं! कॉम्प्युटरलाही एक टिंब चुकलेलं सापडलं नाही. उद्या छपाईला घेतो."

अनुस्वार त्या दुपारी लांब फिरायला गेले. पाट्या वाचत गेले आणि कुठेही पडले नाहीत.

परत आले तर घरात चहाचा वास नव्हता. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर यंत्र घेऊन बसली होती. अक्षरं तिने भलीमोठी केली होती. ती हलत नव्हती.

"चहा?"

"थांबा हो जरा." तिने वर न बघताच विचारलं, "हे थोरले काका तिसऱ्या प्रकरणात वारले ना?"

"असतील."

"असतील काय? वारले. सगळं घर रडलं. मग अकराव्या प्रकरणात दाराशी उभं राहून छत्री कशी मागतात?"

अनुस्वार दचकून पुढे आले. "'छत्री'चा त्री ऱ्हस्व राहिलाय का?"

"छत्री बरोबर आहे. काका चुकलेत."

त्यांनी यंत्र ओढून घेतलं. अकरावं प्रकरण. काका दाराशी होते. छत्री मागत होते. वाक्य निर्दोष होतं, पूर्णविरामसुद्धा टुमदार होता. ते तिसऱ्या प्रकरणात गेले. तिथेही वाक्य निर्दोष होतं आणि काका निर्विवाद मेले होते. दोन्ही पानं त्यांच्या हाताखालून दोन-दोनदा गेली होती.

त्यांनी लगेच न्यायाधीशसाहेबांना फोन लावला.

"साहेब, आपले थोरले काका वारले आहेत."

"आमचे? कधी?" पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"तिसऱ्या प्रकरणात. आणि अकराव्यात छत्री मागतायत."

कागद चाळल्याचा आवाज. "पुरावा भक्कम आहे," साहेब शेवटी म्हणाले. "मग असं करू, त्यांना तिसऱ्यात नुसतंच आजारी पाडू. वाचतील."

"नको म्हणावं!" बायको मागून ओरडली. "काका गेले म्हणून तर ती धाकटी घर सोडून जाते. ते वाचले तर ती जाईल कशाला? छत्री दुसऱ्या कुणाला तरी मागू दे!"

"कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं.

"आमची बायको."

"त्यांनी वाचली माझी कादंबरी?"

"हो साहेब."

"आणि तुम्ही?"

अनुस्वारांनी हातातलं यंत्र बायकोला परत दिलं. "मी तपासलीय," ते म्हणाले.

छत्री शेवटी शेजाऱ्यांनी मागितली. साहेबांनी बाईंना फोनवर बोलावून आणखी दोन शंका विचारल्या आणि त्यांचं म्हणणं मान्य केलं. मालकांना कळल्यावर ते आधी चिडले, मग बराच वेळ हसले, आणि म्हणाले की पुढच्या पुस्तकापासून तपासायला तुम्ही आणि वाचायला वहिनी, दोघांनाही पाठवतो. आरामाचं नंतर बघू. यात मान किती आणि अपमान किती, याचा हिशेब अनुस्वारांना काही केल्या लागेना.

संध्याकाळी ते खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. यंत्र बायकोच्याच मांडीवर होतं, ती ते सोडायला तयार नव्हती. तिने त्यांच्यासाठी तिसरं प्रकरण पहिल्यापासून लावलं. लाल पेन्सिल त्यांनी खिशातून काढून खिडकीत ठेवली होती. एका पानावर काका अंथरुणाला खिळले होते आणि धाकटीला जवळ बोलावत होते. धाकटी येत नव्हती, रुसली होती.

"उलटू पान?" बायकोने विचारलं.

"थांब," अनुस्वार म्हणाले. "काका अजून आहेत."